बऱ्या झालेल्यांचा खुळेपणा

मनाचा आजार आटोक्यात आला की शहाण्या माणसाने तोंड मिटून घ्यावे, ही आपली रीत. फाइल कपाटाच्या तळाशी जाते, गोळ्या भलत्याच डबीत, आणि ऑफिसात सांगायला 'मध्यंतरी कावीळ झाली होती' हे तयार असते. लपवणाऱ्याला मी दोष देणार नाही. कळले की स्थळ मोडते, बढती अडते, घरातल्या साध्या भांडणातही 'आज गोळी घेतली का?' ऐकावे लागते. आज मला स्तुती करायची आहे ती हे सगळे ठाऊक असूनही खुळेपणा करणाऱ्यांची. ज्या दारातून सुटून बाहेर आले त्याच दारातून हे लोक परत आत जातात, नव्याने भरती झालेल्या माणसाशेजारी बसतात आणि म्हणतात, "मीपण इथेच होतो."

हा खुळेपणा जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात प्यूसँ नावाचा एक माणूस गंडमाळेवर उपचार घ्यायला आला आणि बरा झाल्यावर तिथेच कामाला राहिला. पुढे वेड्यांच्या विभागाचा कारभार त्याच्याकडे आला. नोकर तो शक्यतो बऱ्या होत आलेल्या रुग्णांतूनच निवडत असे, कारण ते मारहाण करत नसत. १७९७ साली त्याने रुग्णांच्या साखळ्या काढल्या. श्रेय बराच काळ तिथले डॉक्टर पिनेल यांच्या नावावर राहिले. पण प्यूसँकडून आपण शिकलो, हे पिनेल यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

आपल्याकडे हा खुळेपणा मनापासून जोपासला तो पुण्याच्या मुक्तांगणने. १९८६ साली, गर्दच्या नशेने शहरातली पोरे गिळायला सुरुवात केली होती तेव्हा, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी पैसे दिले. तिथून बरे होऊन गेलेलेच पुढे तिथे कार्यकर्ते झाले. व्यवहारी माणूस म्हणेल, कालच्या गर्दुल्ल्याच्या हाती आजचा गर्दुल्ला सोपवायचा? सोपवायचाच. नशा तुटल्यावरची 'टर्की' सुरू झाली की अंग मोडून येते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, पोटात मुरडा येतो, पाय रात्रभर स्वस्थ राहत नाहीत. अशा वेळी 'धीर धरा' हे शब्द कुणाच्या तोंडून येतात यावर सगळे असते. ज्याचे पाय असेच झाडले गेले होते तो पाय चेपत बसतो, आणि ही रात्र सरते हे त्याच्याकडे पाहूनच कळते. शिवाय त्याला फसवता येत नाही. 'आईला फक्त एकदा भेटून येतो' ही थाप त्याने स्वतः मारलेली असते.

मनोविकारांच्या वॉर्डात हे काम आणखी नाजूक. ओपीडीत गर्दी, डॉक्टरांना एकेका माणसासाठी मिळतात काही मिनिटे, आणि रुग्ण सगळ्याला 'ठीक आहे' म्हणतो. बाहेरच्या बाकावर, बऱ्या झालेल्या माणसाशेजारी, मात्र बोलणे निघते.

"दादा, या गोळ्या जन्मभर का?"

"माझ्या अजून चालू आहेत. मला सकाळी उठवत नसे. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी रात्रीच्या गोळीची वेळ अलीकडे आणली. तुम्हीपण सांगा. चला, मी येतो बरोबर. पण मनानं बंद करू नका. मी केल्या होत्या, पुन्हा भरती व्हावं लागलं."

या मोजक्या वाक्यांत औषधशास्त्र फारसे नाही. हा माणूस निदान करत नाही, डोस बदलत नाही, उपदेशही करत नाही. आवाज ऐकू येतात म्हटल्यावर तो दचकत नाही. त्यालाही येत असत. ज्या गोष्टीमुळे त्याचे स्थळ मोडले, तीच इथे त्याची पात्रता ठरते. न लपवण्याचा हा खुळेपणा सांभाळणारेही करतात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी करणारे जगन्नाथ वाणी कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात पत्नीचा आजार होता. त्यांनीही तो लपवला नाही, याच आजारावरचा 'देवराई' हा चित्रपट काढायला पाठबळ दिले. पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांत आज रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि दोघेही नाव सांगून बोलतात.

एका खुळेपणाची स्तुती मात्र मी करणार नाही, कारण तो या लोकांचा नाही, त्यांना राबवणाऱ्यांचा आहे. 'सेवाभाव आहे ना, मग मानधन कशाला?' असे विचारणारे पुष्कळ भेटतात. दिवसभर दुसऱ्याची भीती ऐकताना स्वतःची जुनी भीती जागी होते. झोप उडू लागली की याच माणसाला रजा लागते, वरिष्ठांशी मोकळेपणी बोलायची सोय लागते, आणि आजार उलटला तरी नोकरी जाणार नाही याची खात्री लागते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने १९९९ पासून मेडिकेड या सरकारी आरोग्ययोजनेच्या पैशातून या कामाचा मोबदला द्यायला सुरुवात केली. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही, ज्यांना आजार आहे किंवा होऊन गेला आहे अशांच्या प्रतिनिधींना राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणात जागा दिली. सभेत खुर्ची मिळाली हे चांगलेच झाले. पण वॉर्डात, त्या बाकावर बसणाऱ्याचे काय?

ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. तिथे या कामाची पगारी, कायम पदे हवीत. जाहिरातीत प्रशिक्षणाची अट जरूर घाला, पण तिच्या वर पहिली अट ही लिहा: उमेदवार स्वतः या आजारातून गेलेला असावा.