माझं वाक्य मला पुरं करू द्या

प्रति,
मा. ऑटोकम्प्लीटराव,
आणि त्यांचे थोरले बंधू, मा. कोड-विश्लेषक,
मुक्काम माझा लॅपटॉप, वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग.

विषय: न विचारता बोलणे आणि विचारल्यावर गप्प बसणे याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि. सर्वप्रथम धाकट्यांच्या तत्परतेबद्दल अभिनंदन. मी एक अक्षर उमटवते न उमटवते, तोच त्या अक्षरापासून सुरू होणाऱ्या जगातल्या यच्चयावत नावांची यादी आपण पडद्यावर पसरता. तिच्याखाली नेमक्या त्या ओळी झाकल्या जातात, ज्या बघून मला पुढचं लिहायचं असतं. मी मान तिरकी करून यादीच्या मागचं काही दिसतं का ते बघते. अजून दिसलेलं नाही.

मग ओळ संपवून मी एंटर दाबते. मला फक्त खालच्या ओळीवर जायचं असतं; आपल्या मते मात्र मी यादीतल्या पहिल्या नावाला होकार दिलेला असतो. एकच बटण दोन कामांना जुंपायची कल्पना कोणाच्या सुपीक डोक्यातली? हो, ते सेटिंग बदलता येतं. बदललंही. आता खरोखर हवं असलेलं लांबलचक नाव समोर आलं की बोट जुन्या सवयीने एंटरवर जातं आणि मी अर्ध्या नावानिशी खाली उतरते.

1996 साली मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल बेसिकमध्ये आपल्या घराण्याला ‘इंटेलिसेन्स’ या नावाने मिरवलं, तेव्हा घराण्याला काही शिस्त होती. लिहिणाऱ्याने टिंब दिलं की यायचं, त्या वस्तूला कोणकोणती कामं येतात ते सांगायचं आणि निघायचं. आता आपण अख्खा परिच्छेदच रचून आणता, तोही राखाडी अक्षरांत, म्हणजे मी आधीच मनात म्हटलंय असं वाटावं.

मी काय लिहिते ते आपल्याला ठाऊक आहे. माझी प्रत्येक फाइल आपण वाचता. काजू फोडणाऱ्या छोट्या कारखान्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर. इथल्या फळ संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जाती कोकणभर बागांतून उभ्या असताना वेंगुर्ल्यात बसून दुसरं काय लिहिणार? परवा अख्ख्या पांढऱ्या गराच्या प्रतींची यादी करत होते. डब्ल्यू-180, डब्ल्यू-210, डब्ल्यू-240 इथवर आले आणि आपलं भाकीत सरसावलं: 270, 300, 330. वा! तीस-तीसची अंकगणिती श्रेढी, पैकीच्या पैकी गुण. अडचण एवढीच, की काजू दहावीला बसलेला नाही. हा आकडा म्हणजे एका पौंडात, 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात त्याची मोजणी. आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. बाजारात सगळ्यात जास्त उलाढाल होते ती 320 ची. आपल्या 300 नंबरचा डबा मी कोणाच्या गळ्यात मारू?

रागाचं खरं कारण वेगळंच आहे. आपली चूक दिसायला इतकी नीटनेटकी असते की तिचा संशयच येत नाही. नवशिक्या पोराने 270 लिहिलं असतं तर शेजारी चार खाडाखोडी दिसल्या असत्या.

जावामधली तऱ्हाही तीच. ‘लिस्ट’ लिहिलं की आपण कोणती लिस्ट आणायची ते विचारता, आणि त्या यादीत एडब्ल्यूटीची लिस्ट साळसूदपणे बसलेली असते. ती 1996 च्या पहिल्यावहिल्या जावातली, खिडकीत पर्याय दाखवायची पेटी. मला हवी असते यूटिलमधली, 1998 साली आलेली, साधी माळ. घाईत एडब्ल्यूटी निवडली गेली की थोरले बंधू लगेच लाल रेघ ओढतात. भावाने द्यायचं आणि भावानेच पकडायचं, घरचा धंदा बरा आहे!

आता थोरल्यांकडे वळते. ‘हे फंक्शन कुठून कुठून बोलावलं जातं?’ एवढं विचारलं की आपण चक्र फिरवायला घेता. लॅपटॉपचा पंखा सुरू होतो. शेजारच्या काकी लोणच्याची बरणी घेऊन आल्या, दोन मिनिटं पाठीशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगो, ह्या चाक किती येळ फिरतला?” मी त्यांना आपल्या वतीने समजावलं. म्हटलं, काकी, लिहिता लिहिता कोड कायम अर्धवटच असतो. कंस उघडा, नाव अपुरं. त्या मोडक्या मजकुरातून अर्थ लावायचा, प्रत्येक वस्तूचा प्रकार ओळखायचा, मी कधी उघडूनही न पाहिलेल्या शेकडो लायब्ररींत हिंडून यायचं. 2016 पासून तर ही कामं कोड लिहायच्या संपादकाबाहेरच्या वेगळ्या सर्व्हरकडे देण्याची रीत पडली आहे. त्यामुळे एकाच विश्लेषकाला अनेक संपादकांची चाकरी करता येते, ही सोय मोठी. पण निरोपांची ये-जा वाढली आणि उत्तर येईपर्यंत मी चार अक्षरं पुढे गेलेली असते. काकींनी बरणी ठेवली आणि त्या गेल्या.

अर्धवट ओळीखाली लाल रेघ मारायला मात्र आपल्याला क्षणाचाही उशीर होत नाही. कंस उघडलाय, बंद करणारच आहे ना मी?

काम अवघड आहे, पण ‘अवघड’ म्हटलं की सगळंच माफ होत नाही. ॲण्डर्स हेल्सबर्ग या गृहस्थांनी 1983 मध्ये टर्बो पास्कल आणलं. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत संपादक आणि कंपायलर मिळून मुख्य फाइल 40 हजार बाइट्सच्या आत बसे. ते विकणाऱ्या बोर्लंड कंपनीच्याच टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर महाराष्ट्रातल्या किती पिढ्यांनी पॉइंटर गिरवले! सुचवणं नव्हतं, पण वाट बघणंही नव्हतं. त्याच हेल्सबर्ग यांनी मार्च 2025 मध्ये जाहीर केलं की टाइपस्क्रिप्ट या भाषेचा कंपायलर गो भाषेत नव्याने उतरवतोय. सुमारे 15 लाख ओळींचा एक प्रकल्प तपासायला 77.8 सेकंद लागत, ते 7.5 वर आले. आनंद आहे. पण याचा अर्थ इतकी वर्षं आम्ही जे सोसलं त्यातलं बरंचसं अटळ नव्हतं. तो हिशेब कोण देणार?

आपण दोघांनी एकदा जत्रेला यावं. कार्तिकात इथे गावोगावच्या देवळांपुढे दशावतार उभा राहतो. लिखित संहिता नाही. आख्यान ठरतं, सोंगं वाटली जातात, बाकी संवाद रंगमंचावर सुचतील तसे. पुढचं वाक्य काय येणार, हे समोरच्या नटाला पुष्कळदा आधीच कळतं. तरी तो थांबतो. राजा बोलत असताना राक्षस मध्येच त्याचं वाक्य पुरं करून टाकत नाही. आणि राक्षसाची पाळी आली की चक्र फिरवत उभा राहत नाही. उशीर केला तर लोक रात्री दोन वाजताही शिट्ट्या मारतात.

मागण्या फार नाहीत. मी टिंब दिल्याशिवाय तोंड उघडू नये. लाल रेघ मी ओळ सोडल्यावर मारावी. आकड्यांच्या यादीत पडू नये, काजूच्या तर नाहीच. थोरल्यांनी पूर्ण उत्तर यायला वेळ लागणार असेल तर सापडलंय तेवढं आधी दाखवावं. लांबलचक नावांची स्पेलिंगं आपण बिनचूक भरता, ते चालू ठेवावं; त्याबद्दल तक्रार नाही.

फेब्रुवारीत नवा काजू बाजारात येऊ लागेल. कारखान्यांना सॉफ्टवेअर त्याआधी हवं आहे. तोवर आपल्या वागण्यात फरक पडला नाही तर आपल्याला बंद करून काम उरकण्यात येईल.

कळावे. लोभ आहेच, तो वाढवू नये.

आपली,
वेंगुर्ल्याची एक त्रस्त प्रोग्रामर

ता. क. ‘आपली’ लिहिताच पुढे आपण ‘विश्वासू’ सुचवलंत. ते मी खोडलं आहे.