स्पॅमचा घरगुती बंदोबस्त: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

घरच्या संगणकावर स्पॅम फिल्टर बसवू पाहणाऱ्या गृहस्थाने आपण या लढाईत फार उशिरा उतरत आहोत, हे आधी मान्य करावे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थ्यूर्क यांनी इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एका दमात संगणकांची जाहिरात पाठवली, आणि स्पॅमची सुरुवात झाली. जानेवारी २००४ मध्ये बिल गेट्स यांनी दाव्होसला जाहीर केले की स्पॅमचा प्रश्न दोन वर्षांत सुटेल. ती दोन वर्षे अद्याप चालू आहेत.

थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये जंकची, म्हणजे नकोशी पत्रे वेगळी काढण्याची, सोय सुरू करायला दोन-चार क्लिक पुरतात. पण शिकवायचे फिल्टरला असते हा समज चुकीचा आहे. वळण लावायचे असते ते मालकाला. प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहॅम यांनी २००२ मध्ये मांडलेल्या पद्धतीप्रमाणे यंत्र फक्त मोजते: कोणता शब्द नकोशा पत्रांत किती वेळा आला आणि हव्याशा पत्रांत किती वेळा. त्याला स्वतःचे मत नाही, ते तुमचेच मत जमाखर्चात मांडते. म्हणून केवळ जंकवर खुणा करून भागत नाही, चांगली पत्रेही ‘जंक नाही’ म्हणून दाखवावी लागतात. आणि कंटाळवाणे ते सारे जंक, हा बाणा सोडावा लागतो. सोसायटीच्या सेक्रेटरीचे ‘थकबाकी तातडीने भरा’ हे पत्र रागाच्या भरात जंकमध्ये ढकलत राहाल, तर उद्या वीजबिलाची सूचनाही त्याच वाटेने जाईल. दोष यंत्राचा नसेल. त्याने तुमचा राग इमानेइतबारे शिकून घेतलेला असेल.

यावर कोणी म्हणेल, ‘लॉटरी’, ‘बक्षीस’ असे शब्दच बंद करावेत. पण स्पॅमवाला इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य टाकून निसटतो, आणि अडकते ते भाच्याच्या बक्षीस समारंभाचे निमंत्रण. पाठवणाऱ्यालाच ब्लॉक करावे, तर पाकिटावरचे नाव त्याने स्वतःच लिहिलेले असते, तेही रोज नवे. जीमेल हे सारे आधीच करते, हा आक्षेप वजनदार आहे. पण तिथला मोठा निवाडा कोट्यवधी लोकांच्या नापसंतीवरून होतो, घरच्या फिल्टरमध्ये मात्र फक्त तुमचीच नापसंती मोजली जाते.

शेवटचा नियम कडक आहे. एक स्पॅम आत आला तर डोळ्यांना त्रास होतो. एक खरे पत्र बाहेर राहिले तर नोकरीची मुलाखत हुकते. म्हणून जंकचा फोल्डर दर आठवड्याला नीट चाळावा. म्हणजे स्पॅम वाचायचा नाही म्हणून बसवलेल्या फिल्टरमुळे तो आता ठरल्या वारी, शिस्तीत आणि लक्षपूर्वक वाचला जाईल. बंदोबस्त पूर्ण झाला असे समजावे.