कायद्यानं पाहिलं तर

महाराष्ट्रात दारूबंदी आहे.

हसू नका. कायद्याचं नावच 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९' असं आहे. तो आजतागायत कुणी रद्द केलेला नाही. कोपऱ्यावरच्या वाइन शॉपचं लायसन ह्याच कायद्याखाली निघतं. म्हणजे दारू विकायची परवानगी दारूबंदीचा कायदा देतो, आणि ह्यात कुणालाही काही विचित्र वाटत नाही. प्यायची असेल तर पिणाऱ्यालाही परवाना लागतो. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजीवही मिळतो. तो कशासाठी द्यायचा, तर प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी. हायवेवर दर दोन किलोमीटरला 'परमिट रूम' अशी पाटी दिसते. त्यातली रूम सगळ्यांना माहीत असते. परमिट आत बसलेल्यांपैकी कुणाच्या खिशात असेल तर त्याचा तिथल्या तिथे सत्कार करायला हवा.

तसा सत्कार झालाच तर तो माझ्या सासऱ्यांचा होईल.

अण्णा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला 'बसू या का जावईबापू?' असं विचारलं तेव्हा मी संकोचलो आणि सुखावलो. चकली आली, शेंगदाणे आले, ग्लास आले. मग अण्णांनी हात पुढे केला. मला वाटलं टाळी मागतायत.

"परवाना?"

मी हसलो. ते हसले नाहीत. त्या संध्याकाळी मी कोकम सरबतावर बसलो आणि त्यांनी कायदेशीररीत्या दोन घेतले.

त्यांचा परवाना आजीव आहे, लॅमिनेट केलेला. वर्षाच्या परवान्याला शंभर रुपये, आजीवला हजार. सत्तरीत पोचल्यावर त्यांनी हिशोब मांडला की दहा वर्षं जगलो तरच हे पैसे वसूल होतात. तेव्हापासून ते रोज पहाटे फिरायला जातात, साखर सोडली, दवाखान्याच्या तारखा चुकवत नाहीत. परवाना प्रकृतीसाठी असतो ह्याचा ह्याहून भक्कम पुरावा राज्य उत्पादन शुल्क विभागालाही मिळायचा नाही.

पुढच्या खेपेला मी दुकानात जाऊन एक दिवसाचा परवाना मागितला. पाच रुपये फी. दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पानपट्टीवर तुळशीची माळ मागतोय. मागच्या रांगेतले दोघे मला साध्या वेशातला इन्स्पेक्टर समजून हळूच सटकले. दुकानदारानं मात्र, गिऱ्हाईक पळालं तरी, आतून धुळकट पुस्तक शोधून आणलं. मला तो माणूस आवडला. हा देश अशा धुळकट पुस्तकांवर उभा आहे आणि ती कुठे ठेवलीत हे ठाऊक असणारी माणसं फार थोडी आहेत.

मुळात हा कायदा असा थट्टेचा नव्हता. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली, तेव्हा ती खरोखरच आली. तेव्हा एफ. एन. बालसारा नावाचे एक गृहस्थ कोर्टात गेले. त्यांची मागणी थोडक्यात अशी होती की मला व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, यू-डी-कोलोन आणि लॅव्हेंडर वॉटर जवळ बाळगू द्यावं आणि वापरू द्यावं. यादी वाचून माणसाविषयी आदर वाटतो. मागायचं तर असं मागावं, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९५१ साली निकाल लागला. व्हिस्कीवरची बंदी कायम राहिली, औषधी आणि प्रसाधनाच्या वस्तू सुटल्या. म्हणजे बालसारांना लॅव्हेंडर वॉटर मिळालं. त्यांनी त्या संध्याकाळी काय केलं ह्याची नोंद निकालपत्रात नाही.

१९६० साली राज्याची वाटणी झाली तेव्हा भांड्याकुंड्यांसारखा हा कायदाही दोन्ही घरांत गेला. गुजरातेत त्याच्या जोरावर आजही दारू बंद आहे. इकडे साठच्या दशकात नियम सैल झाले आणि त्याच्याच जोरावर दारू चालू आहे. कायदा तोच, आईबाप तेच. एका जुळ्यानं दीक्षा घेतली आणि दुसऱ्यानं बार काढला. अण्णांना ह्यात विसंगती दिसत नाही. "कायद्यात बंदीही आहे आणि अपवादही," ते म्हणतात. "त्यांनी बंदी वाचली, आपण अपवाद वाचला. वाचन दोघांचंही आहे."

अण्णांच्या मते पुस्तकातला कायदा म्हातारा होत नाही, फक्त झोपतो. १९३४च्या विमान कायद्याच्या व्याख्येत फुग्यांच्या आणि ग्लायडरच्या जोडीनं पतंगही बसलेला होता. म्हणजे संक्रांतीला येवल्याच्या गच्च्यांवर मांज्याची आसारी घेऊन उभं असलेलं आख्खं गाव हे कायद्याच्या नजरेला विमानतळ होतं. त्या कायद्याच्या जागी २०२५च्या १ जानेवारीपासून नवा आला, पण तोवर जुन्यानं नव्वदी गाठली होती. गंगेतल्या नावांवर शंभर मणांना बारा आण्यांपर्यंत टोल बसवणारा १८६७चा कायदा तर रुपयाचे आणे जाऊन नये पैसे आले, नये पैशांचे नुसते पैसे झाले, तेही बाजारातून गेले, तरी पुस्तकात जिवंत होता. २०१४नंतर केंद्रानं असले दीड हजारांच्या आसपास कायदे मोडीत काढले. त्यातले काही तर आधीचे कायदे रद्द करण्यासाठीच केलेले कायदे होते. म्हणजे झाडून झाल्यावर केरसुणीच कोपऱ्यात पडून राहिली होती. ही बातमी वाचून अण्णा दिवसभर जेवले नाहीत. "निदान एकेक प्रत तरी ठेवली असेल ना हो?" एवढंच संध्याकाळी विचारलं.

१८७८चा गुप्तधनाचा कायदा मात्र ह्या सफाईतून वाचला. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त रकमेचं किंवा किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. लपवलं तर वर्षापर्यंतची कैद. १८७८ साली दहा रुपये ही बाब होती. आज दहा रुपयांत कलेक्टर कचेरीबाहेर एक कटिंग मिळाला तर नशीब. तरी आकडा तोच आहे.

हे मला इतकं पाठ असायचं कारण म्हणजे अण्णांच्या परसातला कढीपत्ता. तो लावायला मी खड्डा खणत होतो आणि कुदळ कशावर तरी ठण्णकन आदळली. गंजलेला डबा होता. आत मातीच्या लगद्यात सात रुपये. चांदीचे, व्हिक्टोरिया राणीचे. सासूबाईंनी एक नाणं पदरानं पुसलं आणि देव्हाऱ्याकडे निघाल्या.

"थांब," अण्णा म्हणाले. "पंचनामा व्हायचाय."

ते चष्मा आणि पुस्तक घेऊन आले. कलेक्टरला द्यायच्या अर्जाचा मसुदा त्यांच्या डोळ्यांत आधीच तयार दिसत होता. एकेक कलम बोट ठेवून वाचू लागले. नोटीस कशी द्यायची, त्यात काय लिहायचं, डबा ट्रेझरीत कसा जमा करायचा. मी मुकाट हात धुऊन आलो. मग ते पुढच्या पानावर गेले, कुणीच मालकी सांगायला आलं नाही तर काय, ह्या कलमावर. तिथे त्यांचं बोट थांबलं. आवाजही थांबला.

मी वाकून वाचलं. वेगळा करार नसेल तर तीन चतुर्थांश वाटा सापडवणाऱ्याचा, उरलेला जागेच्या मालकाचा.

"म्हणजे पाऊण जावईबापूंना," सासूबाई म्हणाल्या. हिशोबात त्या अण्णांपेक्षा नेहमीच पुढे.

"कुदळ माझी आहे," अण्णा म्हणाले.

"कुदळीचं कलम आहे का?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं नाही. पुस्तक पुन्हा मागं उलटत पहिल्या कलमांवर आले. मग डब्यातली सहा आणि सासूबाईंच्या हातातलं एक अशी नाणी ओट्यावर ओळीनं मांडली, भिंग धरलं आणि राणीच्या मागच्या बाजूची अक्षरं मोठ्यानं वाचली.

"वन रुपी. वन रुपी. वन रुपी." सातही वाचून झाल्यावर त्यांनी भिंग खाली ठेवलं. "एकूण रक्कम रुपये सात फक्त. दहाच्या आत आहे. कळवण्याचं कारण नाही."

"अहो अण्णा, 'किंवा किमतीचं' असंही लिहिलंय. चांदीचा भाव..."

"जावईबापू," पुस्तक मिटत ते म्हणाले, "तुम्ही कढीपत्ता लावा."