भाडेकरू कसा शोधावा

भाडेकरू शोधण्यासाठी आधी रिकामा फ्लॅट लागतो. आमच्या बाबांनी तो कोथरूडला 'गुंतवणूक म्हणून' घेतलेला असल्याने या विषयावर बोलण्याचा अधिकार मला आहे.

पहिली पायरी जाहिरातीची. बाल्कनीला पुठ्ठा टांगावा. बाबांनी स्वहस्ते लिहिला: 'जागा भाड्याने देणे आहे'. त्याखाली अटी. शाकाहारी, शांत, शक्यतो बँकेतले, भिंतीला खिळा न ठोकणारे. अटी इतक्या झाल्या, की फोन नंबराला जागा उरली नाही. महिनाभर फोन आला नाही, तेव्हा बाबा म्हणाले, "सध्या मार्केट डाऊन आहे."

दुसरी पायरी एजंट. तो एक महिन्याचं भाडं घेतो आणि 'काका, पार्टी एकदम डिसेंट आहे' म्हणतो. यापलीकडे त्याच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही.

तिसरी, पारख. ही मात्र नीट लक्षात ठेवा. जो हॉलमध्ये उभा राहून 'वा, उजेड छान आहे' म्हणतो, तो परत येत नाही. जो सरळ मोरीत जाऊन नळ सोडतो, पाण्याची वेळ विचारतो, गाडी कुठे लावायची ते बघतो, तो खरा. असं एक जोडपं आलं होतं. दोघं बँकेत, दोघं शाकाहारी. जाता जाता त्या बाईंनी भिंतीवर टिचकी मारली. ते गेल्यावर बाबा म्हणाले, "खिळा ठोकणार."

चौथी, भाव. आमची अपेक्षा बावीस हजार, एक सज्जन वीस देत होते. अकरा महिन्यांच्या करारात दोन हजारांची सूट म्हणजे एकूण बावीस हजार, म्हणजेच फ्लॅट एक महिना रिकामा राहण्याइतकं नुकसान. आमचा सात महिने रिकामा आहे. हा हिशेब मी कागदावर मांडून दिला. बाबांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

पाचवी, कागदपत्रं. इथे थट्टा नको. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने सक्तीची आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि भांडण झालं, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. (हे ऐकून बाबांनी 'खिळा' हा शब्द करारात तीन ठिकाणी घालायला सांगितला.) भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवा. सोसायटीला बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही, हे सेक्रेटरींना हसतमुखाने सांगा. आमच्याकडे ते सांगायची सोय नाही. सेक्रेटरी बाबाच आहेत.

एवढं सगळं करूनही भाडेकरू का मिळत नाही, हे मला परवा कळलं. संध्याकाळी फ्लॅटवर गेलो तर कुलूप उघडं. आत बाबा. खिडक्या उघडलेल्या, पंखा चालू, खुर्चीवर पेपर. मोरीत नळ सोडून धार बघत उभे होते.

"पाणी चांगलं येतंय," म्हणाले.

भिंती नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आणि आईने मिळून रंगवल्या होत्या. आई आता नाही.

तरीही कुणाला बघायचा असेल तर फ्लॅट अजून रिकामा आहे. दुसरा मजला, पाणी सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी तासभर. भाड्याचं माझ्याशी बोला. फक्त भिंतीवर टिचकी मारू नका.