बिनकवीचा बेडूक

ऑस्ट्रेलियाची घडण चालली असता खूर हा अवयव विधात्याच्या विस्मरणात गेला, की त्याने तो बुद्ध्याच वगळला, याचा निर्णय शास्त्री-पंडितांनी सवडीने करावा. परंतु १७८८ साली इंग्रजी जहाजांच्या पहिल्या काफिल्याबरोबर मूठभर घोडे आणि गुरे-मेंढरे सिडनीच्या किनाऱ्यावर उतरेपर्यंत, त्या खंडाच्या मातीला खुराचा स्पर्श ठाऊक नव्हता. कांगारू उड्या मारी, वोम्बॅट बिळे खणी. दोघांचेही तळवे मऊ, आणि तेथील माती, पाणी व शेवाळ यांचा संसार त्या मवाळ पायांच्या भरवशावर युगानुयुगे बिनबोभाट चालला होता.

न्यू साउथ वेल्स प्रांताच्या दक्षिण अंगाला, त्या खंडातील सर्वांत उंच, म्हणजे २,२२८ मीटरांचे, शिखर ज्यात आहे ते कोझियॉस्को राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. मरे, मरम्बिजी आणि स्नोई या नद्यांचे उगम येथलेच. त्यांचे पाणी स्फॅग्नम नावाच्या शेवाळाच्या दलदलींत मुरते आणि तेथून काटकसरीने वर्षभर खाली उतरते. या शेवाळात कॉरोबोरी नावाचा बेडूक राहतो. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, अंगावर काळे-पिवळे झगझगीत पट्टे, वयात यावयास सुमारे चार वर्षे, आणि अंडी पाण्यात न सोडता ओल्या शेवाळात घालून पुढच्या पावसाने घरटे बुडेपर्यंत वाट पाहण्याची चिकाटी, अशा लक्षणांचा हा प्राणी, जुन्या दफ्तराच्या भाषेत सांगावयाचे तर, तेथील अस्सल मिरासदार होय. रुंद दातांचा एक उंदीर, आणि टँटँगारा ओढ्याच्या माथ्याशी उरलेला स्टॉकी गॅलॅक्सियस हा बोटाएवढा मासा, हे त्याचे भाऊबंद. यांपैकी एकाच्याही कुळावर कोणी महाकाव्य रचले नाही, आणि पुढील सर्व अनर्थाचे मूळ, आमच्या अल्पमतीप्रमाणे, तेथेच आहे.

घोड्याचे नशीब थोर. वसाहतवाल्यांच्या पागांतून सुटलेली, सोडलेली आणि विसरलेली घोडी या डोंगरांत शिरली, वाढली, ब्रम्बी म्हणून ओळखली जाऊ लागली; आणि १८९० साली बँजो पॅटरसन या कवीने स्नोई नदीकाठच्या एका पोरसवदा घोडेस्वाराने रानघोड्यांच्या कळपाचा उभ्या कड्यावरून पाठलाग केल्याची कथा पद्यात गुंफताच, एका भटक्या जनावराला वंशावळ, इतिहास आणि राष्ट्रीय अस्मिता ही तिन्ही एकदम प्राप्त झाली. त्या काव्याच्या शेवटी तो पोरगा रानघोडे जेरीस आणून माघारी हाकलून आणतो, म्हणजे एका अर्थी त्यांचा बंदोबस्तच करतो, हा तपशील भक्तमंडळींनी कधी मनावर घेतला नाही. कवी दहा डॉलरच्या नोटेवर विराजमान झाला, आणि घोडा त्याच्यामागोमाग नोटेत, चित्रपटात व अखेरीस विधिमंडळात शिरला. भीमथडीच्या तट्टांवर ज्यांच्या पूर्वजांनी मुलूखगिरी केली, त्या आम्हां मराठी माणसांनी घोड्याची कुचेष्टा करावी हे शोभणारे नव्हे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातील रिसाल्यांना वेलर घोडे पुरविणारा मुलूखही हाच. तक्रार आहे ती त्याच्या वकिलांविषयी.

सन २००० च्या सप्टेंबरात सिडनीच्या ऑलिंपिक उद्घाटनाला १२० घोडेस्वारांनी मैदान गाजविले, आणि महिना-सव्वा महिना लोटतो न लोटतो तोच त्याच प्रांताच्या गाय फॉक्स रिव्हर या उद्यानात सरकारी हेलिकॉप्टरांतून ६०६ रानघोडे गोळ्या घालून मारण्यात आले. केवढा हाहाकार उडाला! घोड्यांवर आकाशातून गोळी चालविण्यास मनाई झाली, आणि ती पुढे वीस वर्षांहून अधिक काळ टिकली. मनाई फक्त घोड्यापुरती, हे ध्यानात घ्यावे. दरम्यान कोझियॉस्कोतील हरणे आणि डुकरे हेलिकॉप्टरांतूनच टिपली जात होती, आणि त्यांच्यासाठी कोणा आमदाराची झोप उडाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. डुकरालाही चारच पाय, तेही परदेशीच, आणि गोळी त्यालाही तितकीच लागते. पण त्याला पॅटरसन भेटला नाही. गायीगुरांची चराई तर त्या डोंगरांतून १९४४ पासून टप्प्याटप्प्याने बेदखल झाली, ती माती वाहून जाते या कारणास्तव. आता घोड्याच्या खुराने वाहते ती माती निराळ्या प्रतीची असल्यास कोण जाणे.

२०१६ साली उद्यानखात्याने मसुदा मांडला, की सहा हजार घोडी वीस वर्षांत सहाशेवर आणावीत. या सौम्य तजविजीचे फळ म्हणून २०१८ च्या जूनमध्ये विधिमंडळाने जो कायदा केला, त्याचे नावच ‘रानघोडे वारसा’ कायदा. ही चक्क वतनाची सनद होती. तिच्यात उपऱ्याला मिरासदार करून घेतले होते, आणि वर असेही कलम होते, की उद्यानाचा व्यवस्थापन-आराखडा आणि घोड्यांचा आराखडा यांत विसंगती आढळल्यास घोड्यांचा ग्राह्य धरावा. राष्ट्रीय उद्यान घोड्यांना अडचणीचे होत असेल तर उद्यानाने सांभाळून घ्यावे, एवढाच त्याचा सरळ अर्थ. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच प्रांताच्या शास्त्रीय समितीने रानघोड्यांकडून होणारी अधिवासाची नासधूस ही दुर्मिळ जीवांवरील प्रमुख आपत्ती म्हणून अधिकृतपणे नोंदविली. एका दफ्तरात वारसा आणि दुसऱ्यात आपत्ती. दोन्हींवर शिक्का एकाच सरकारचा. ज्यांनी पेशवाईच्या उत्तरार्धातील कागदपत्रे चाळली आहेत, त्यांना यात नवल वाटू नये.

पुढे खानेसुमारी झाली. २०२० चा अंदाज सुमारे १४ हजारांचा, २०२२ चा जवळजवळ १९ हजारांचा. घोडी इतकी असूच शकत नाहीत, मोजणाऱ्यांनी एकच घोडी दोनदा मोजली, अशी हरकत निघाली. परंतु दलदलीतील वाटा मोजावयास या हरकतदारांपैकी कोणी फिरकले नाही. शेकडो किलो वजनाचे जनावर रोज त्याच पायवाटेने पाण्यावर गेले, म्हणजे तिचा चर होतो, चरातून दलदलीचे पाणी निचरते, शेवाळ वाळते, आणि शतकानुशतके साठलेला ओलावा वाहून जातो. बेडकाच्या ऱ्हासाचा मुख्य आरोपी कायट्रिड बुरशी आहे, असे घोड्यांचे वकील मोठ्या उत्साहाने सांगतात, आणि ते खरेही आहे. पण घरात साथीचा ताप शिरला आहे म्हणून आढी-वासे उपसून नेण्यास हरकत नाही, हा न्याय आम्हांस नवीन आहे.

२०२१ च्या आराखड्याने उद्यानाचा सुमारे एकतृतीयांश भाग घोड्यांच्या नावे करून, २०२७ च्या मध्यापर्यंत त्यांची संख्या तीन हजारांवर आणण्याचे ठरविले. आराखडा होईपर्यंतचा बहुतेक वेळ खनिज मिठाचे आणि काकवीचे आमिष दाखवून घोडी सापळ्यांत धरण्यात व त्यांना सहृदय मालक शोधण्यात गेला. मालक मिळाले त्यांहून घोडी जास्त जन्मली. तेव्हा कोठे २०२३ च्या ऑक्टोबरात हेलिकॉप्टरांतून गोळी चालविण्याचा हुकूम सुटला. हे काम कोणाला आवडावे असे नव्हेच; परंतु सहाशेचा आकडा निर्दय म्हणून फेटाळणाऱ्या दयाळू मंडळींनीच आपल्या दयेच्या बळावर मारावयाच्या घोड्यांची संख्या किती पटींनी वाढविली, याचा ताळेबंद कोणा हिशेबनिसाने एकदा मांडावा.

बेडकाची व्यवस्था मात्र वेळीच लावण्यात आली. प्राणिसंग्रहालयांत वाढविलेले कॉरोबोरी बेडूक त्यांच्याच वडिलोपार्जित डोंगरावर, बुरशीपासून सुरक्षित अशा कुंपणबंद वाड्यांत सोडतात. मिरासदार कुंपणात आणि उपरा मोकळा, हा बंदोबस्त दोघांनाही मानवला असे सरकारी अहवालाच्या थाटात म्हणता येईल. उरली ती कवीची उणीव. ती भरून काढावी या सद्हेतूने आम्हीच लेखणी सरसावली होती. परंतु ‘कॉरोबोरी’ला जी यमके हाती लागली ती ‘शिरजोरी’ आणि ‘मुजोरी’, म्हणजे दोन्ही घोड्याच्याच बाजूची.