बिनपगारी उमेदवार

न्यू जर्सीतील एडिसन गावी भाच्याच्या बिऱ्हाडी उतरलो असता, फ्रिजच्या दारावर लटकविलेली विठोबाच्या चित्राची दिनदर्शिका आणि तीवर तांबड्या पेन्सिलीने रोज सकाळी एकेक फुली मारण्याचा त्याचा परिपाठ पाहून, पोराने एखादे व्रत धरले असावे अशी माझी प्रथमदर्शनी समजूत झाली. चौकशीअंती कळले की व्रत खरेच आहे, परंतु सरकारी आहे. संगणकशास्त्रातील एम. एस. झाल्यावर काम करण्याचा जो 12 महिन्यांचा परवाना मिळतो, आणि ज्याला ही मुले ओपीटी म्हणतात, त्याच्या मुदतीत सारे मिळून 90 दिवसांहून अधिक काळ बेकार राहण्यास मज्जाव आहे. त्या दिवशीची फुली 61 वी होती.

"मामा, शनिवार-रविवारही धरतात," भाचा म्हणाला.

यावर मी बराच वेळ विचार केला. रविवारी ज्या देशात कचेऱ्यांना कुलपे असतात, अर्ज वाचणारी बाई समुद्रकिनारी वाळूत पहुडलेली असते आणि तिचा साहेब अंगणातील गवत कापीत असतो, त्या देशात रविवारी नोकरी न मिळणे हीदेखील उमेदवाराची कसूर! साताऱ्यास त्याच्या वडिलांनी राहते घर तारण ठेवून जे कर्ज काढले, त्याचे व्याजही रविवारी थांबत नाही. सुट्टी काय ती नोकरी देणाऱ्याला.

दरम्यान विद्यापीठातील समुपदेशक बाईंनी त्याला आपल्या अंतरंगात डोकावून जीवनाची दिशा शोधावयास सांगितले होते. 29 दिवसांत.

परंतु या कायद्याचे खरे रत्न पुढेच आहे. आपल्या विषयाशी संलग्न असे काम आठवड्यास किमान 20 तास केले, तर ते पूर्णतः बिनपगारी असले तरी मनुष्य बेकार गणला जात नाही. खिशात दमडी येत नाही, घरभाडे चुकत नाही, डाळ-तांदूळ बापाच्या पैशानेच येतो, आणि तरीही सरकारदप्तरी तो कामावर रुजू असतो! आमच्या आजोबांच्या काळी मामलेदार कचेरीत एखादा कारकून पेन्शनीत निघेल किंवा निवर्तेल या आशेवर फुकट खर्डेघाशी करीत बसणाऱ्या पोरास 'उमेदवार' म्हणत. त्याची उमेद दौतीतल्या शाईबरोबर वाळत जाई आणि शिरस्तेदार त्याला चहा आणावयास धाडी. ती पद्धत इंग्रजांबरोबर गेली अशी माझी भाबडी समजूत होती. ती बोटीत बसून पुढे गेली होती, एवढेच. फरक इतकाच की त्या उमेदवाराने विहिरीएवढे कर्ज काढून उमेदवारी पत्करली नव्हती, आणि 'नवशिक्या पाहिजे, अनुभव पाच वर्षांचा' अशी जाहिरात छापण्याचा निर्लज्जपणा शिरस्तेदाराच्या अंगी नव्हता. नवशिक्यापाशी पाच वर्षांचा अनुभव कोठून येणार, हे विचारावयाचे कोणाला? अर्जाच्या तळाशी एक चौकोन असतो: आज किंवा पुढे कधी तुम्हांस व्हिसासाठी आमचा आधार लागेल काय? तेथे खरे उत्तर लिहिले की अर्ज टोपलीत, आणि खोटे लिहिले की मनुष्य अपराधी. आणि तो आधार म्हणजे तरी काय, तर वर्षाकाठी 65,000 आणि येथल्याच उच्च पदवीधरांसाठी आणखी 20,000 जागांची सोडत! दोन वर्षे रात्री जागून ज्याने संभाव्यतेचे गणित सोडविले, त्याने अखेरीस त्याच गणितातील चिठ्ठी व्हावे, आणि इकडे आत्याबाईंनी दूरध्वनीवरून विचारावे, "अजून कसा रे सेटल झाला नाहीस?" मेल्यांनो, ... असो. माझा रक्तदाब वाढतो.

भाच्याने 62 व्या दिवशी कोठल्याशा मराठी मंडळाच्या सभासदांची संगणकीय यादी आणि पुरणपोळ्यांच्या मागणीची प्रणाली बिनपगारी सिद्ध करण्याचे काम पत्करले. हा गृहस्थ आठवड्यास 20 तास काम करतो, असा दाखला अध्यक्षांनी मोठ्या आनंदाने, सहीशिक्क्यानिशी दिला. पोर्टलावर नोंद होताच फुल्या थांबल्या. घरी पेढे वाटावेत की काय, याविषयी ताईचा साताऱ्याहून फोन आला. पगार किती, हे तिने विचारले नाही आणि आम्हीही आपण होऊन सांगितले नाही.

पुढच्या शनिवारी अध्यक्ष दिवाळी अंकाच्या 300 पाकिटांचा गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले. पत्त्यांच्या चिठ्ठ्या तेवढ्या डकवावयाच्या होत्या.

"काका, हे माझ्या विषयाशी संलग्न नाही," भाचा नम्रपणे म्हणाला. "हे तास धरता येणार नाहीत."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. 300 पाकिटे रात्री साडेअकरापर्यंत मी डकविली. पर्यटकाच्या व्हिसावर आलेल्या मनुष्यास येथे काम करण्यास सक्त मनाई आहे, हे मला भाच्याने नंतर सांगितले.