अर्धवट सोडण्याचं वय

पंढरपूरला जाणारी गाडी यशवंतपूरहून सुटते. उतारवयात माणसानं ती पकडावी अशी घरच्यांची माफक अपेक्षा असते. पण मुलाच्या नोकरीपायी पुणं-सांगली सोडून इथे बंगळुरूत राहायला आलेल्या मराठी आई-वडिलांपैकी काही जण स्टेशनाशेजारची हिरवी मेट्रो पकडतात आणि थेट चिकपेठेत उतरतात. तिथून मामूलपेठ जवळच. लेस, मणी, टिकल्या, आरसे, गोंडे. आणि सगळा व्यवहार घाऊक. ‘दहा मणी द्या’ म्हटलं तर दुकानदार असा काही बघतो की गिऱ्हाईक मुकाट्यानं अख्खं पाकीट घेतं. (यशवंतपूरकरांनी याचं नवल करू नये, त्यांच्या मार्केट यार्डात कांदासुद्धा पोत्याखाली बोलत नाही.) वर्षभरात पलंगाखाली क्रोशाच्या सुया, लिप्पनचे आरसे, रेझिनच्या बाटल्या आणि एक अर्धा मफलर जमा होतो. मग घरातून फर्मान निघतं : आधी हातातलं पुरं करा, मग नवं आणा.

हे फर्मान वरवर शहाणपणाचं वाटतं, पण ते चुकीच्या माणसाला काढलेलं आहे. पस्तीस वर्षं ज्यानं वार्षिक ताळेबंद, मुलांची शिक्षणं आणि घराचे हप्ते यांतलं काहीही अर्धवट सोडलं नाही, त्याला अर्धवट सोडण्याची मुभा मिळते ती निवृत्तीनंतरच. तीही काढून घ्यायची तर पेन्शन नुसती औषधांसाठी राहिली. शिवाय आपल्याला काय आवडेल हे माणसाला हात लावल्याशिवाय कळत नाही आणि हात लावायला वस्तू घरात असावी लागते. म्हणून पलंगाखालचा साठा हा आळसाचा पुरावा नाही, निवड करण्याचा तो खर्च आहे.

याला साक्षीदारही वजनदार आहेत. इंग्लंडातल्या मेरी डेलनी बाईंनी शिंपल्यांचं काम केलं, भरतकाम केलं, आणि १७७२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, टेबलावर पडलेल्या लाल कागदाचा रंग शेजारच्या जिरेनियमच्या पाकळीसारखाच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कात्री घेतली आणि पुढच्या दहाएक वर्षांत रंगीत कागदांतून ९८५ फुलं कातरून चिकटवली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कुणी शिस्तीच्या सुनेनं ‘हे कपटे टाकू का?’ म्हणत टेबल आवरलं असतं, तर म्युझियमचं केवढं नुकसान झालं असतं! आणि गंमत बघा, बाईंचा संकल्प हजारांचा होता; नजर साथ देईना म्हणून पंधरा राहिलीच. अमेरिकेतल्या ग्रँडमा मोझेस लोकरीनं चित्रं भरत असत. संधिवातानं सुई धरवेना, तेव्हा लोकर बाजूला ठेवून सत्तरी उलटल्यावर त्यांनी कुंचला धरला आणि १९६१ मध्ये, १०१व्या वर्षी जाईपर्यंत त्या जगप्रसिद्ध झाल्या होत्या. रवींद्रनाथांची चित्रकला तर हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळींमधून निघाली. नको असलेला शब्द काट मारून तिथेच सोडायचा, काटेला शेपूट काढायची, शेपटाला पक्षी. १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं तेव्हा ते सत्तरीला टेकले होते.

थोरामोठ्यांचे दाखले आपल्याला लागू नाहीत, असं कुणी म्हणेल. ठीक आहे, मग साध्या माणसांचा दाखला घ्या. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. साठी ते नव्वदीतल्या दोनशेहून अधिक माणसांपैकी काहींना तीन महिने गोधडी शिवायला शिकवलं, काहींना डिजिटल फोटोग्राफी, काहींना दोन्ही. एका गटानं नुसतं एकत्र जमायचं, गप्पा मारायच्या, हिंडायचं. नवं शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती गप्पिष्टांपेक्षा सुधारली. म्हणजे भिशीला डॉक्टरी चिठ्ठी मिळण्याची आशा संपली. फायदा फोटोवाल्यांत जास्त ठळक होता, तेव्हा आमच्याकडच्या आज्यांना कॅमेरा देणं बरं. गोधडी त्यांना नवी नाही. माझ्या मते मेख या नवेपणातच आहे. एकदा हात बसला की विणकाम म्हणजे पोळ्या लाटणं : टाके पडत राहतात, डोकं मालिकेत असतं. म्हणून जमू लागल्यावर छंद बदलणाऱ्याला धरसोड्या म्हणण्याआधी थोडा विचार करावा.

साधनेचं काय, हा आक्षेप नेहमी गंभीर आवाजात येतो. एका गुरूकडे बारा वर्षं घासल्याशिवाय कला येत नाही म्हणतात. खरं आहे, पण मैफल करायची असेल त्याला. अडुसष्टाव्या वर्षी मंडला काढणाऱ्या गृहस्थांना बिदागी नको असते. दुपारी दोन ते चार या वेळेत कुणी त्यांना ‘झोपा जरा’ म्हणू नये, एवढंच हवं असतं.

खर्चाचा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे, कारण सगळाच साठा टिकत नाही. लोकर डांबराच्या गोळ्या घालून ठेवली तर टिकते, काचेचे मणी आणि आरसे तर मालकापेक्षा जास्त जगतात. रेझिनची गोष्ट वेगळी : त्यातला हार्डनर जुना झाला की पिवळा पडतो आणि कधी कधी ट्रे चार दिवसांनीही बोटाला चिकटतो. कापडावरच्या रंगाची बाटली वर्षानं उघडावी, तर नळीच्या तोंडाशी घट्ट बूच बसलेलं असतं. टाचणी खुपसून दाबावं, की सगळा रंग एकदम बाहेर येऊन कमळाच्या जागी तळं होतं. तेव्हा न सुकणारं खुशाल घाऊक घ्यावं, सुकणारं गल्लीतल्या स्टेशनरीवाल्याकडून लागेल तेवढंच. एवढा एक नियम पाळला तर बाकीच्या हिशेबात कुणी पडू नये.

राहता राहिला जागेचा प्रश्न, आणि ‘तुमच्यामागे हे कुणी आवरायचं?’ हा त्याच्या पोटातला, सहसा दबक्या आवाजातला प्रश्न. एवढे दिवस थांबावं लागत नाही. शाळेचा प्रकल्प उद्या सकाळी द्यायचा आहे, हे नातवंडांना रात्री साडेनऊलाच आठवतं. त्या वेळी मामूलपेठ बंद झालेली असते, ऑनलाइन मागवलेलं सामान उद्या दुपारी येणार असतं, आणि सकाळीच पलंगाखालच्या पसाऱ्यावर व्याख्यान दिलेला मुलगा दारात येऊन विचारतो, “आई, तुझ्याकडे टिकल्या असतील का गं?”

“गोल की चौकोनी?”